पवनचक्क्या हव्यात, पण अभयारण्यात कशाला?

‘पवनऊर्जा हरित आहे, तेव्हा अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित डोंगररांगा तिच्यासाठी खुल्या करा’ अशा अर्थाचा एक मजकूर सध्या या गटातून त्या गटात फिरतोय. त्यातली कारणं थोडक्यात अशी: जागा नगण्य लागते, पवनचक्कीपेक्षा मांजरं जास्त पक्षी मारतात, हवामान बदलापुढे बाकी सगळं गौण, चांगला वारा डोंगरमाथ्यावरच मिळतो, पंचवीस वर्षांनी यंत्रं उचलली की जागा होती तशी, आणि विरोध करणारे कोळसावाल्यांचे हस्तक.

पवनऊर्जा मलाही हवी आहे. बांधणीपासून मोडणीपर्यंतचा सगळा हिशेब धरला तरी जमिनीवरच्या पवनचक्कीच्या एका युनिटमागे साधारण ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, कोळशाच्या एका युनिटमागे ८२० ग्रॅम. हे आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या, २०१४ च्या अहवालातले मध्यक आकडे आहेत. त्यामुळे पवनचक्की चांगली की वाईट, हा वादच नाही. ती कुठे उभी करायची हा प्रश्न आहे, आणि मजकुरात नेमका तोच गाळलाय.

‘एका मनोऱ्याला बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा पुरते.’

मनोऱ्याच्या बुंध्यापुरतं बोलायचं तर पुरते. पण मनोरा आकाशातून पडत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००९ मध्ये तिथल्या प्रकल्पांची मोजदाद केली. एका मेगावॅटमागे कायमची अडकणारी जमीन सरासरी ०.३ हेक्टर, बांधकामाच्या काळात आणखी ०.७ हेक्टर, आणि प्रकल्पाचा एकूण पसारा सुमारे ३४ हेक्टर निघाला. मजकूर लिहिणाऱ्याने पहिला आकडासुद्धा पूर्ण घेतलेला नाही.

शेतात हा पसारा चालून जातो. मनोऱ्याच्या पायापर्यंत नांगर फिरतो, रस्ते आधीच असतात, जमीन आधीच माणसाळलेली असते. जिथे रस्ताच नाही अशा प्रदेशात हिशेब उलटतो. साठ-सत्तर मीटरचं पातं सहसा अखंडच वर न्यावं लागतं. त्यासाठी वळणं रुंद करावी लागतात, चढ कमी करावा लागतो, म्हणजे डोंगर कापावा लागतो. क्रेन उभी राहायला प्रत्येक मनोऱ्याजवळ सपाट, ठोकून घट्ट केलेली जागा लागते. हा रस्ता काम संपल्यावर गुंडाळून ठेवत नाहीत. त्यावरून पुढे गाड्या येतात, बाहेरचं तण येतं, शिकारी येतात आणि जमिनीचे दलालही येतात. संरक्षित निसर्गाची पहिली दौलत म्हणजे सलगपणा. तो मनोऱ्याने नाही, रस्त्याने तुटतो.

शिवाय वीज तारांमधूनच बाहेर न्यायची असते. माळढोकाचं उदाहरण घ्या. पक्षी जड, समोरची नजर अरुंद, तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. थरच्या वाळवंटात पवन आणि सौर प्रकल्पांची वीज वाहणाऱ्या तारा त्याच्या मुळावर आल्या, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. न्यायालयाची ओढाताण समजू शकते, पण ‘बॅडमिंटन कोर्ट’वाल्या हिशेबात या तारांना एक चौरस फूटही दिलेला नाही.

‘मांजरं यापेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारतात.’

आकडा खरा आहे. २०१३ च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. पवनचक्क्यांनी मरणारे पक्षी त्याच सुमाराच्या अंदाजांनुसार काही लाख. पण मेलेल्या पक्ष्यांची नुसती बेरीज करून काय कळतं? मांजर चिमण्या, पाकोळ्या, छोटे गाणारे पक्षी धरतं. मांजराने सोनेरी गरुड मारल्याचं कोणी ऐकलंय का? वारा जिथे डोंगराच्या कडेला आपटून वर उसळतो, तिथेच गरुड, गिधाडं घिरट्या घालतात आणि पवनचक्क्याही तिथेच लागतात. हे पक्षी उशिरा वयात येतात, वर्षाला एखाद-दुसरं पिल्लू वाढवतात. चिमण्यांची तूट दोन विणींत भरून निघू शकते. प्रौढ गरुड गेला तर ती जागा भरायला वर्षं लागतात.

कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत १९८० च्या दशकात हजारो छोट्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि दरवर्षी डझनांनी सोनेरी गरुड मरू लागले. नॉर्वेच्या स्मोला बेटावर ६८ पवनचक्क्यांनी पांढऱ्या शेपटीच्या गरुडांचं तेच केलं.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचं काम सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर झालंय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी होते. मग त्यांचं खाद्य असलेले, गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे तिथे वाढले. वाढले एवढंच नाही, बदललेही: माणूस अगदी जवळ आल्याशिवाय पळेनात, ताणाला मिळणारा त्यांच्या शरीराचा प्रतिसाद मंदावला, अंगानेही ते किरकोळ झाले. म्हणजे पात्याखाली मेलेला पक्षी सापडला नाही तरी वरचा शिकारी उठून गेला की खालची सगळी घडी विसकटते. मेलेले पक्षी मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

उपाय आहेत, ते नाकारायचं कारण नाही. स्मोलावर चार पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवलं तेव्हा तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. फक्त चार यंत्रांवरचा प्रयोग, म्हणून फार नाचू नये. वटवाघळांच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. वारा मंद असलेल्या रात्री यंत्रं थांबवून ठेवली तर निम्म्याहून अधिक वटवाघळं वाचू शकतात आणि वर्षाच्या उत्पादनातला घाटा एक टक्क्याच्या आसपास राहतो. हे उपाय जिथे योग्य जागी यंत्रं उभी आहेत तिथे जरूर करावेत. त्यांनी चुकीची जागा बरोबर होत नाही.

‘हवामान बदलला तर अभयारण्यही उरणार नाही, मग थोडं नुकसान सोसा.’

हा मुद्दा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, म्हणून त्यावर थांबतो. त्यात गृहीत असं धरलंय की निसर्ग एका पारड्यात आणि कार्बन दुसऱ्यात. आयर्लंडमधल्या डेरीब्रायनला दोन्ही एकाच पारड्यात निघाले.

तिथला डोंगर पीटचा, म्हणजे हजारो वर्षं पाण्यात न कुजता साठलेल्या वनस्पतींच्या मातीचा. अशी जमीन जगात सुमारे ३ टक्के आहे, पण तिच्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त कार्बन दडलेला आहे. ती खणली, तिच्यातलं पाणी काढलं, की तो कार्बन हवेत जायला लागतो. डेरीब्रायनला ७० पवनचक्क्यांसाठी खोदकाम सुरू असताना ऑक्टोबर २००३ मध्ये उतारच सुटला. सुमारे साडेचार लाख घनमीटर पीट ओढ्या-नद्यांत गेलं, हजारो मासे मेले. परिणामांचं रीतसर मूल्यमापन न करताच परवानगी दिली गेली होती. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये आयर्लंडला दोषी धरलं, तरीही चूक निस्तरली गेली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ५० लाख युरोंचा दंड बसला आणि वर पालन होईपर्यंत दिवसाला १५ हजार युरो. अखेर २०२२ मध्ये प्रकल्प कायमचा बंद करायचं ठरलं. हवामान वाचवायला निघालेला प्रकल्प, आणि कार्बनची तिजोरीच फोडून बसला.

आपल्याकडे याहून मोकळं रान आहे. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प समाविष्टच नाहीत. ‘हरित’ म्हटल्यावर तपासायचं काय, असा त्यामागचा विचार असावा.

‘चांगला वारा तिथेच आहे, दुसरीकडे जायचं कुठे?’

यात तथ्य आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, त्यामुळे कंपन्यांना डोंगरमाथा खुणावणारच. पण हे गणित आता तितकं आडमुठं राहिलेलं नाही. मनोरे शंभर मीटरच्या वर गेले, पाती लांबली, मंद वाऱ्यासाठी वेगळी यंत्रं आली. समुद्र आहे. आणि जुन्या जागा आहेतच: अल्टामाँटमध्येच अनेक छोटी यंत्रं काढून त्यांच्या जागी मोजकी मोठी बसवली गेली.

स्कॉटलंड राष्ट्रीय उद्यानांत आणि राष्ट्रीय निसर्गसौंदर्य क्षेत्रांत पवन प्रकल्प होऊ देत नाही, तरी पवनविजेत तो देश कोणाच्या मागे नाही. उलट दाखला म्हणून जर्मनी पुढे केला जातो. जर्मनीने २०२२ मध्ये ‘भूदृश्य संरक्षण क्षेत्रं’ पवनचक्क्यांना खुली केली हे खरं. पण ही संरक्षणाची सर्वांत सैल पायरी, तिच्यात देशाची चतुर्थांशाहून अधिक जमीन येते, आणि शेती, गावं तिथे आहेतच. त्यातही नातुरा २००० ची, म्हणजे युरोपीय संघाच्या संरक्षित निसर्गजाळ्यातली, क्षेत्रं आणि जागतिक वारसा स्थळं त्या सवलतीतून वगळली आहेत. दाखला द्यायचा तर अटींसकट द्यावा.

‘पंचवीस वर्षांनी काढून टाकता येतात.’

यंत्रं काढता येतात. पाया सहसा वरचा मीटरभर फोडतात, बाकीचं काँक्रीट जमिनीतच राहतं. आणि चांगल्या वाऱ्याची जागा कोण सोडतं? जुनी यंत्रं उतरली की नवी चढतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खडकाला चिकटलेली बोटभर माती आणि तिच्यावर पावसाळ्यात उगवणारी फुलं एकदा जेसीबीने खरवडली की ती परत आणण्याचं यंत्र कुठल्याच कंपनीकडे नाही.

‘विरोध करणारे कोळशाचे हस्तक.’

काही असतीलही, कोळशाच्या पैशावर चालणारा प्रचार जगात आहे. पण नॉर्वेतल्या फोसेनमध्ये विरोध केला तो रेनडिअर पाळणाऱ्या सामी या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या कुटुंबांनी, कारण हिवाळी चराईच्या माळावर पवनचक्क्या आल्या आणि कळप तिकडे फिरकेनात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते परवाने अवैध ठरवले. तोवर पाती फिरायला लागली होती आणि निकालानंतरही फिरतच राहिली. २०२३-२४ मध्ये भरपाईचे करार झाले. ते होण्याआधी, २०२३ मध्ये, सामी तरुण मंत्रालयांची दारं अडवून बसले होते. कोळशाशी त्यांचा काय संबंध, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी सांगावं.