भाराभर चिंध्या म्हणणाऱ्यांना

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एक मजकूर उगवतो. यंदा तिघांनी टाकला. सार एवढंच: ‘पालकांनो सावध! लिबरल आर्ट्स म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. ही पदवी यूपीएससी-एमपीएससीला चालत नाही. अमेरिकेतलं खूळ आहे. श्रीमंतांच्या मुलांचा चार वर्षांचा टाइमपास.’ मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आणि माझी भाची पुण्यातल्याच एका छोट्या विद्यापीठात लिबरल आर्ट्सची, म्हणजे एका मुख्य विषयासोबत इतर शाखांतलेही विषय घ्यायची पदवी करते. त्यामुळे गप्प बसवेना.

यूपीएससीचं आधी उरकते. नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठल्याही शाखेची पदवी चालते. राज्यसेवेतल्या बहुतेक पदांना, तीन वर्षांच्या एलएलबीला आणि एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेलाही चालते. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. एमएससीच्या प्रवेशाला अमुक विषयाचे अमुक पेपर झालेले लागतात, बीएडला पदवीचा विषय बघतात. म्हणून पदवीपत्रावर बीए छापणार की बीएससी, आणि मुख्य विषयाचं नाव त्यावर येणार का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. फॉरवर्डमध्ये हे असतं तर मी आभार मानले असते.

आता चिंध्या. यावर ‘चिंध्यांचीच गोधडी होते’ असं गोड उत्तर कुणीतरी देतंच. मला ते पटत नाही, कारण मुळात इथे चिंध्या नाहीतच. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये पदवीची जी चौकट आखली, तिच्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं माप) किमान ६० मुख्य विषयाची, म्हणजे मेजरची असतात. मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला २४. भाषा, कौशल्यं आणि इतर शाखांतले विषय उरलेल्यात बसतात. चार वर्षं केली तर १६० पैकी ८० मेजरची. निम्मा अभ्यास एकाच विषयाचा! आपल्या जुन्या बीएत काय होतं? स्पेशल विषयाचे एस-१, एस-२ हे पेपर, जोडीला त्याच विषयाचा जी-२, आणि बाकी जनरल विषय. हिशेब फारसा वेगळा नव्हता, पण त्याला कुणी चिंध्या म्हटल्याचं मला आठवत नाही.

शिवाय खोली फक्त क्रेडिटच्या आकड्यात नसते. भाचीचा मेजर अर्थशास्त्र. दुसऱ्या वर्षी तिच्या गटानं महात्मा फुले मंडईवर प्रकल्प घेतला: सकाळच्या मेथीच्या जुडीचा भाव संध्याकाळी किती आणि का उतरतो? चाळीस विक्रेत्यांच्या मुलाखती घेऊन पोरं खुशीत परत आली. संख्याशास्त्राच्या बाईंनी वही परत दिली. ‘जे बोलले तेवढेच मोजलेत. वेळ नाही म्हणाले त्यांचं काय?’ ज्याच्यापुढे गिऱ्हाईक कमी, त्यालाच गप्पा मारायला वेळ. म्हणजे यांच्या नमुन्यात मंदीचेच गाळे जास्त आले होते. समाजशास्त्राच्या सरांचा आक्षेप आणखी वेगळा. प्रश्न मराठीत छापले होते खरे, पण ‘तुमची किंमत-रणनीती काय?’ हे मंडईत कोण कुणाला विचारतं? मग पोरं पहाटे गेली, गिऱ्हाईक यायच्या आत, साधे प्रश्न घेऊन. नमुना निवडताना होणारी ही चूक मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवली, साठ-सत्तरच्या वर्गात. परीक्षेपुरती व्याख्या पाठ व्हायची. मंडईतून हात हलवत परत यायची पाळी माझ्या एकाही विद्यार्थ्यावर मी आणली नाही, आणि तेवढ्या वह्या तपासणं मला झेपलंही नसतं. लहान वर्गाचा खरा फायदा हा आहे. जाहिरातीतल्या हिरवळीचे फोटो सोडून द्या.

‘अमेरिकेतलं खूळ’ हा मुद्दा पुण्यात उभं राहून करावा याची मात्र गंमत वाटते. कल्पना युरोपातली, मध्ययुगापासूनची, आणि तिच्या मूळ सात विद्यांत अंकगणित, भूमिती आणि खगोलही होते. तेव्हा ‘आर्ट्स’ म्हणजे आपली आर्ट्सची शाखा नव्हे. राहिलं पुणं. फर्ग्युसन १८८५ चं. तिथे आधी गणित शिकवलेल्या टिळकांचा नक्षत्रांच्या आधारानं वेदांचा काळ ठरवणारा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३० च्या दशकात त्याच कॉलेजात दामोदर धर्मानंद कोसंबी गणित शिकवत होते. चलनात फिरून नाणं झिजतं, हे धरून त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या नाण्यांची वजनं घेतली आणि संख्याशास्त्र लावून त्यांचा कालक्रम शोधला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच. आता कोसंबींचं नाव घेतल्यानं कुणाची मुलं कोसंबी होत नाहीत, हे मलाही कळतं. पण विषयांच्या भिंती ओलांडणं या गावाला नवं नाही.

शेवटचा आरोप श्रीमंतांचा. इथे मी निम्मी हार मानते. टाइमपास नाही, पण महाग आहेच. खासगी विद्यापीठांची फी वर्षाला काही लाखांत जाते. राज्य सरकारनं २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना जी शुल्कमाफी दिली, तिच्यातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. २०२४-२५ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतही मेजर-मायनर आलं. कागदावर तीच चौकट, परवडणाऱ्या फीत. पण प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतील तर निवड कसली? ज्या विषयाला माणूस आहे तोच तुमचा मायनर. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा ना!

हे सगळं ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी त्या तिघांतल्या एका काकांचा फोन आला, नातीसाठी. ‘शिष्यवृत्ती मिळते म्हणतात, खरं का?’ मी म्हटलं, मिळते की नाही हे विचारू नका. गेल्या वर्षीच्या वर्गात कितीजणांना मिळाली, फीच्या किती टक्के मिळाली आणि पहिल्या वर्षी गुण घसरले तर पुढे चालू राहते का, हे विचारा. काका म्हणाले, ‘थांबा, लिहून घेतो.’