वांगी बसली, मी उभा

भुसावळला रेल्वे गाठायची होती, म्हणून फैजपूरला सकाळच्या एसटीत घुसलो. गाडी भरलेली. एक जागा होती, पण तिच्यावर वांगी बसली होती.

तिघांचा बाक. खिडकीशी मफलर गुंडाळलेले एक बाबा, कडेला तोंड उघडं टाकून झोपलेला पोरगा आणि मधे ऐसपैस टेकलेली गोणी. तिच्या उघड्या तोंडातून नारळाएवढी हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी डोकावत होती.

"बाबा, गोणी जरा खाली घेता का?"

"खाली? भरताचे वांगे हायेत भाऊ. दबले तं डाग पडतीन. पोरीकडे चालले, नाशिकले."

"मग मांडीवर घ्या."

"गुडघे दुखतात माह्ये."

"बामणोदची का?" भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या गावाचं नाव घेऊन मी जरा लाडीगोडी लावून पाहिली. बाबा पेटलेच.

"नाव बामणोदचं, अन् माल काय आमचा वाईट? तू भरीत खाल्लं का कधी? काड्यांवर भाजलेलं? मिरच्या, लसूण वाटून, कांद्याची पात घालून, लाकडी मुसळानं ठेचलेलं? गॅसवरचं सांगू नको मले! अन् टमाटं टाकतात ते भरीत नाही, ती भाजी."

मी उपाशी. वरच्या दांडीला लोंबकळत, प्रत्येक खड्ड्याला मान डोलवत ऐकतोय. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी पेपरात वाचलं होतं. मला कसलंच मानांकन नाही, तेव्हा ज्येष्ठता बघता बाक त्यांचाच.

कंडक्टर आले. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना २०२२ पासून फुकट. मागच्या मावश्यांना २०२३ पासून अर्धं. वांग्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पूर्ण तिकीट माझं, वर "सुटे द्या". सवलतीबद्दल तक्रार नाही, माझी आईही त्यावरच मामाकडे जाते. पण माणसं वाढली तशा गाड्या वाढवायचं कुणाच्या मनात येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना ही एक गाडी चुकली की पुढची कधी, हे स्टँडवर कुणी सांगत नाही. चौकशीच्या खिडकीत फक्त चहाचा ग्लास असतो. केळीचे ट्रक मात्र वेळेवर सुटतात. घड पिकतो ना, माणूस सडला तरी चालतो. याच फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. नेहरू अध्यक्ष. देशभरातून माणसं इथवर पोचली. मला इथून भुसावळ गाठता येत नाही!

तापीचा पूल आला. पोरगा जागा झाला, उठला. मी बूड टेकवणार, तेवढ्यात बाबांनी गोणी कडेला सरकवली आणि मधल्या जागेत पाय मोकळे केले.

"उतरायचंच आहे आता," ते म्हणाले. "अन् भाऊ, तू उभाच आहे तं गोणी जरा उतरवून देजो. खालून धर. देठाले हात लावू नको."