राजभवन म्हणजे पेन्शनरांचा बंगला?

नवे राज्यपाल नेमले गेले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. 'राज्यपाल म्हणजे थकलेल्या पुढाऱ्याची पेन्शन. एकदा राजभवनात गेला की राजकारण संपलं, पाच वर्षं पक्की, आणि काम काय, तर सह्या ठोकायच्या.' वाचायला मजा येते, टाळ्याही मिळतात. पण यातलं एकही विधान धड टिकत नाही.

आधी 'राजकारण संपलं' हे बघू. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टातल्या साध्या नोकरीतून फौजदार झाले, तिथून आमदार आणि मग मुख्यमंत्री. २००४ ची विधानसभा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने त्यांच्या मुख्यमंत्रिपदाखाली जिंकली, खुर्ची मात्र विलासराव देशमुखांना मिळाली आणि शिंद्यांची रवानगी आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादच्या राजभवनात झाली. झालं पुनर्वसन, असंच कुणीही म्हटलं असतं. जानेवारी २००६ मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री होते आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. एस. एम. कृष्णा यांचंही तेच: मुंबईतलं राजभवन २००८ मध्ये सोडलं आणि पुढच्याच वर्षी परराष्ट्रमंत्री. त्याआधी विजयालक्ष्मी पंडित १९६४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यपालपद सोडून नेहरूंच्या फुलपूरमधून पोटनिवडणूक लढल्या आणि जिंकल्या. प्रतिभाताई पाटील जयपूरहून, रामनाथ कोविंद पाटण्याहून थेट राष्ट्रपती भवनात गेले. द्रौपदी मुर्मू यांच्याही कारकिर्दीत झारखंडचं राजभवन आहेच. सी. पी. राधाकृष्णन तर २०२५ मध्ये मुंबईहूनच उपराष्ट्रपती झाले.

हो, राम नाईकांसारखी उदाहरणंही आहेत. निवडणुकीचं राजकारण आपणहून थांबवल्यावर, ऐंशी वर्षांचे असताना ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल म्हणून लखनौला गेले. तेवढ्यापुरता मजकूर खरा. पण मला खरी काळजी उलटीच वाटते. ज्याला पुढे काहीतरी मिळवायचं आहे, असा राज्यपाल दिल्लीला नाराज कशाला करील? केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने हे ओळखलं होतं. पद सोडल्यावर राज्यपालांनी पक्षीय राजकारणात परतू नये, पुन्हा राज्यपालपद किंवा राष्ट्रपती-उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक वगळता सरकारी लाभाचं पद घेऊ नये, असा संकेत पाळावा, ही त्यांची शिफारस. कोणत्याच पक्षाला ती सोयीची नव्हती. ती कागदावरच राहिली.

'पाच वर्षं पक्की' हे तर सरळ चूक. घटनेच्या १५६व्या कलमात पाच वर्षं लिहिलीत खरी, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची. २००४ मध्ये केंद्रात सरकार बदललं आणि उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा, गोवा, चार राज्यपाल एका फटक्यात घरी. त्यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मनमानीने किंवा केवळ केंद्राचा विश्वास उडाला म्हणून राज्यपाल हटवता येणार नाही. मग २०१४ मध्ये पुन्हा सरकार बदललं, तेव्हा थेट हटवण्याऐवजी काहींची बदली केली. आपल्या के. शंकरनारायणन यांना मुंबईहून मिझोरमला धाडलं, त्यांनी राजीनामा दिला.

राहिल्या सह्या. बहुतेक बाबतींत राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे मान्य. पण महाराष्ट्राच्या राज्यपालांवर घटनेच्या ३७१(२) कलमाने जास्तीची जबाबदारी टाकता येते: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रात विकासनिधीचं समन्यायी वाटप. अनुशेषाचा, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या थकलेल्या विकासाचा, वाद ज्यांनी जवळून पाहिलाय, त्यांना राज्यपालांच्या निर्देशांचं वजन माहीत आहे. याच कलमाखाली १९९४ पासून या तीन भागांसाठी असलेली वैधानिक विकास मंडळं एप्रिल २०२० मध्ये मुदत संपून थांबली, हा वेगळाच विषय. त्याच वर्षी मे महिन्यात घटनेच्या पाचव्या, म्हणजे आदिवासीबहुल 'अनुसूचित क्षेत्रां'साठीच्या, अनुसूचीखाली राज्यपालांची एक अधिसूचना निघाली. वनहक्काचा, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काचा, दावा जिल्हा समितीने फेटाळला तर अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासीला विभागीय समितीकडे अपील करता येऊ लागलं. संसदेने केलेल्या कायद्यात हा फेरफार राजभवनाच्या अधिसूचनेने झाला.

आणि जून २०२२. तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितलं, ठाकरे यांनी त्याआधीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की बहुमत गेलं असं मानायला राज्यपालांपुढे पुरेसा आधार नव्हता. पण राजीनामा दिलेला असल्यामुळे ते सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालात होतं.