‘पुढचा वार’ म्हणजे नेमका कोणता?

दादा, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या प्राण्यांच्या लढतींच्या खेळातल्या रविवारच्या लढतीवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. “साळिंदरानं काटे फुगवले होते, तरी बिबट्याला ओरखडासुद्धा नाही. नियम मनानं फिरवायलाव का?” मनानं नाही फिरवला, पण चूक माझीच.

मी लिहिलं होतं, ‘काटे फुगवल्यावर पुढचा वार करणाऱ्याला 3 गुणांची इजा.’ डोक्यात होती पुढची फेरी. समोरच्यानं त्या फेरीत बिबट्याला नुसता दबा धरून बसवला, झेप नंतरच्या फेरीत घेतली. मी म्हणलो, काटे खाली गेले. तुम्ही म्हणता, वार म्हणजे वार, फेरी नव्हे. बरोबर आहे. चित्रांच्या खेळात काटे उभे दिसतात तरी. आपलं सगळं रणांगण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन ओळींचं. ती लढत रद्द.

आता नियम असा: समोरचा पहिल्यांदा अंगाला भिडेपर्यंत काटे उभे, पण जास्तीत जास्त दोन फेऱ्या. नाहीतर कुणीही पहिल्याच फेरीत काटे फुगवून निवांत बसेल. ‘अंगाला भिडेपर्यंत’ हे मुद्दाम. साळिंदर काटे फेकून मारतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो; ते खोटं. ते पाठ फिरवून मागं धडकतं आणि सैल काटे समोरच्याच्या अंगात रुततात. म्हणून बिबट्या लांबून गुरगुरला तर इजा नाही.

मुंगसाला विष लागूच नये, हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागी चिकटून शरीर लुळं पाडतं, त्या जागेची घडणच मुंगसात वेगळी असते, विषाला नीट पकड मिळत नाही. म्हणून नागाची इजा निम्मी. घोणसचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं; तिथं ही घडण कामाची नाही, म्हणून इजा पूर्ण.

राहिली फासे खोटे असल्याची तक्रार. दोन फाशांची बेरीज 4 किंवा कमी आली की वार हुकतो. 36 पैकी 6 वेळा, म्हणजे सहात एकदा. ‘क्वचित हुकतो’ हा माझा शब्द खोडतो. पण सलग दोनदा हुकणं 36 मध्ये एकदा घडणारच, त्यावरून फासे खोटे ठरत नाहीत. (हवामानाच्या अंदाजावर पेरणी करणारी माणसं आपण, सहात एकदा हुकणं म्हणजे सुकाळच की!) तरी यापुढं फासे टाकतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतो.

शनिवारी रात्री नऊला साळिंदर घेऊन या. बिबट्यावाला कुरकुर करायलाय, पण येतो म्हणला.