टार्किनचा कान

परवा भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, एका सत्तरीच्या गृहस्थांनी मला 'बाहुलीवाले' म्हटलं. ते अजून खुपतंय. त्यांचं बाकीचं म्हणणं बरोबर होतं, ते जास्त खुपतंय.

साच्याचं सिलिकॉन घट्ट करणारा हार्डनर संपला म्हणून बेळगावात खडेबाजारापलीकडच्या बोळात केमिकलच्या दुकानात गेलो होतो. खिशात नमुना होता, पावणेचार इंची, राखाडी, अजून रंग न लागलेला ग्रँड मॉफ टार्किन.

टार्किन कोण, हे सांगायला हवं. 'स्टार वॉर्स' सिनेमातला हा खलनायक. सिनेमा 1977 साली आला तेव्हा केनर कंपनीची खेळणी तयारच नव्हती. म्हणून त्या नाताळात त्यांनी पुठ्ठ्याचं रिकामं पाकीट विकलं. आत चार फिगर्सचं, म्हणजे सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या पुतळ्यांचं, वचनपत्र, माल पुढच्या वर्षी टपालाने. बेळगावात कुणी कुंद्याचा रिकामा डबा हातात देऊन 'कुंदा पुढच्या वर्षी' म्हणालं असतं तर दुकान शिल्लक राहिलं नसतं. तिकडे लोकांनी पैसे मोजले. पुढे 1985 पर्यंत केनरने शंभराच्या जवळपास फिगर्स काढल्या. सिनेमातल्या बारमध्ये मागे नुसते बसलेले प्राणीही सुटले नाहीत. पण ज्याच्या एका हुकमावर अख्खा ग्रह उडतो, तो टार्किन नाही! तो आला 1997 साली, आणि जुन्या केनरच्या घडणीत तर थेट 2019 साली, तोही एका बोर्ड गेमच्या खोक्यात. म्हणून आम्ही काही जण जे त्या काळी निघालंच नाही ते घरी साच्यात ओततो.

तर काउंटरवर टार्किन ठेवला आणि शेजारून हात आला. हाताला दोन बोटं अर्धीच होती. उद्यमबागच्या फाउंड्रीत चाळीस वर्षं पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने घडवणारे, हे मागाहून कळलं.

"काय ओ हे?"

"फिगर आहे काका. टार्किन."

"काय करतोय ह्यो?"

"ग्रह उडवतो."

त्यांनी तो उलटासुलटा केला. "हातात तर काय नाही."

"बटण दुसरे दाबतात. हा नुसतं सांगतो."

"मग आमच्या कारखान्यातला मॅनेजर म्हणा की." दुकानदार हसला, तराजूवाला पोरगा हसला, थिनरला आलेले दोघे हसले. केनरने टार्किन का काढला नसावा, याबद्दल मी बरंच वाचलंय. सहा शब्दांत कुणीच सांगितलं नव्हतं. गालफडं बसलेला म्हातारा, हातात शस्त्र नाही, कुठलं पोर घेणार?

इथवर ठीक होतं. मग काकांनी चष्मा कपाळावर चढवला, नखाने टार्किनची कड चाचपली, आणि तिथून मी 'तुम्ही'चा 'तू' झालो.

"पार्टिंग लाइन कानावरनं काढलीयास. कोण शिकवलं तुला?"

पार्टिंग लाइन म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळतात ती रेघ. मी म्हटलं, साचा सिलिकॉनचा आहे.

"ड्राफ्ट दिलास?"

या प्रश्नाची मी मनातल्या मनात वाटच बघत होतो. लाकडी पॅटर्न वाळूतून उचलताना कड ढासळू नये म्हणून त्याला उतार द्यावा लागतो, तोच ड्राफ्ट. सिलिकॉन रबरासारखं वाकतं, त्याला ड्राफ्ट लागत नाही. हे मी छाती काढून सांगितलं.

"रबर हाय म्हणून चाललंय," काका म्हणाले. "काम नाही हे, लाड आहेत. आणि ब्लो होल किती?"

ब्लो होल म्हणजे ओतलेल्या मालात हवा अडकून राहिलेली पोकळी. आता खरं सांगायचं तर साचा करणं तितकंसं सोपं नाही. आधी एखादी स्वस्तातली त्याच मापाची फिगर बळी द्यायची. गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवली की मुंडी सुटते. अंगावर एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन, रंग एकजीव होईस्तोवर मळून, कोट आणि गालफडं चढवायची. दुसऱ्या दिवशी घासायचं. मग प्लॅस्टिसिनमध्ये निम्मी फिगर पुरायची, कडेने बोटाएवढ्या खळग्या करायच्या, म्हणजे दोन अर्धे नंतर जागेवर बसतात. शंभर ग्रॅम सिलिकॉनला डब्यावर लिहिला असेल तेवढाच हार्डनर, माझ्या डब्यावर तीन ग्रॅम आहे. घाईने दुप्पट घातला तर रबर लवकर जमतं आणि लवकरच फाटतं. ओतायचं ते उंचावरून, दोऱ्याएवढ्या धारेने, एका कोपऱ्यात. बुडबुडे वाटेतच फुटतात. दुसरा अर्धा ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात. तो विसरलात की सिलिकॉन सिलिकॉनला धरतं आणि आत टार्किन जन्मठेपेला.

एवढं सगळं जमलं तरी बेळगावात जून ते सप्टेंबर साच्यात ओतायच्या रेझिनचं सुतक असतं. पॉलियुरेथेनच्या दोन बाटल्या, सारखं माप, तीन-चार मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. पण त्यातलं आयसोसायनेट पाण्याशी भांडतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीतही पाणी सुटतं, तर बाटलीचं काय? साचा दिव्याखाली शेकून घ्या, बाटली सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवा, तरी एखाद्या संध्याकाळी टार्किन इडलीसारखा फुगतो.

"ओली वाळू," काका म्हणाले. "आमचं पण तेच. वाफ कुठं जाणार? व्हेंट काढलास?"

मी बोटांच्या टोकांना व्हेंट, म्हणजे हवा निघायच्या वाटा, काढले होते. पायांकडून ओतलं होतं, कारण ओतायच्या जागेचा व्रण तळव्याखाली झाकतो. हे ऐकून ते पहिल्यांदाच गप्प झाले. मग पोराला म्हणाले, "ह्या बाहुलीवाल्यांना आधी दे रे. मी बसतो."

मला बोलता आलं असतं. केनरने 1979 साली 'स्टार वॉर्स'मधल्याच बोबा फेटची स्प्रिंगने क्षेपणास्त्र उडवणारी फिगर जाहीर केली होती. दुसऱ्या कंपनीच्या यानाचं क्षेपणास्त्र एका लहान मुलाच्या घशात अडकलं, तो दगावला, मग फेटचं क्षेपणास्त्र चिकटवून टाकलं. स्प्रिंगवाले जे थोडे नमुने उरले ते आज तिजोरीत असतात. तेही बाहुल्याच का? इथे खेळण्यांवरची आयात ड्यूटी 2020 साली 20 वरून 60 टक्के झाली, 2023 साली 70. दुकानदार असलं काही मागवायला तयार नाही, स्वतः ओतावं तर भर दुकानात कानाची चौकशी. पण मी काहीच बोललो नाही. टार्किन खिशात घातला आणि तरातरा बाहेर पडलो. हार्डनर काउंटरवरच राहिला.

रात्री चारशे नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून कानावरची रेघ काढायला बसलो. नुसती रेघच तर होती. आठशेवर येईपर्यंत ती गेली, आणि मग कानही गेला. तुटल्या जागी बघितलं तर आत मोहरीएवढी पोकळी. ब्लो होल.

आता नवा साचा, पार्टिंग लाइन कानामागून. त्यासाठी हार्डनर आणायला परत त्याच दुकानात जावं लागणार. दुपारी दोनला जावं म्हणतो. त्या वेळी काका झोपत असावेत.