दोन माणसांत चोवीस तास

तुमच्या सिक्युरिटी एजन्सीला बाणेरच्या सोसायटीच्या गेटसाठी बोलावणं आलं? अभिनंदन. आता हिशेब मात्र करत बसू नका. आठवड्याचे तास 168, एका गार्डचे कायद्याने 48, म्हणजे एका पॉइंटला, गार्ड ठेवायच्या एका जागेला, साडेतीन माणसं. आजारपण, रजा आणि गावची जत्रा धरली की चार. तुम्ही कोटेशन दोघांचंच भरा. चेअरमनसाहेबांनाही तेच हवं असतं. चौघांचा रेट सांगणाऱ्याला ते चहासुद्धा विचारत नाहीत.

रविवारी दिवसपाळीचा डेवाला सुट्टी मागेल. नाइटवाल्यालाच थांबवा, शनिवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत. याला डबल ड्यूटी म्हणायचं. बारा तासांच्या पाळ्या तीन होतात, पण एवढं कोण मोजतंय? दुसऱ्या पहाटे तो केबिनमधल्या मोडक्या खुर्चीत, मफलर कानाला बांधून घोरताना सापडला, की पाचशे रुपये दंड कापा. तेवढाच मार्जिनला हातभार.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या 2006 च्या केंद्रीय नमुना नियमांत गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर प्रशिक्षण सांगितलं होतं, किमान 20 कामाच्या दिवसांत. तुमचा पोरगा सकाळी लातूरच्या गाडीतून उतरतो, संध्याकाळी वर्दी चढवून गेटवर. वर्दी दोन नंबर मोठी, हरकत नाही. आग विझवायच्या सिलिंडरची पिन त्याला दाखवायची राहिली तर राहू द्या, रिफिलची तारीख तशीही उलटून गेलेली असते.

पंधरा गार्डांमागे एक सुपरवायझर, जागा विखुरलेल्या असतील तर सहामागे एक, असंही त्याच नियमांत होतं. वाघोली, कोथरूड, चाकण म्हणजे विखुरलेलं थोडंच! एक बाइकवाला पुरे. रात्रीचा राउंड तो अंथरुणातून घेतो: 'सेल्फी टाक.' गार्डही हुशार, दोनचा, तीनचा आणि चारचा सेल्फी बारालाच काढून ठेवतो.

पीएफ विसाव्या माणसापासून लागतो, म्हणून एकोणीसवर थांबा. विसावा वहिनींच्या नावच्या फर्ममध्ये. पुढे कधी चौकशी लागली आणि दोन्ही फर्मचा पत्ता, फोन आणि रबरी शिक्क्याचा डबा एकच निघाला, तर योगायोग म्हणा.

मस्टर मात्र आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांचं ठेवा. तिसऱ्या पाळीला दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्यांची नावं चालतात. सह्या एका बैठकीत उरका, पण मध्येमध्ये पेन बदला. आणि जूनचं पान भरताना 30 ला हात आवरा. मागच्या वेळी 31 जूनलाही सगळे हजर होते.