स्विफ्टला स्कॉर्पिओचा टर्बो बसवायला निघालेल्यांसाठी

भाच्याने सेकंडहँड डिझेल स्विफ्ट घेतलीय. त्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तो त्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, 'मामा, करून टाकू का?' मेसेजचं म्हणणं असं: टर्बो (एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जितका मोठा तितकी पॉवर जास्त, तेव्हा 1.3 लिटरच्या स्विफ्टला भंगारातून स्कॉर्पिओचा टर्बो आणून बसवा. इंजिनाचा सीसी बघायची गरज नाही. एक्झॉस्ट नाहीतरी फुकटच जातो, म्हणून मायलेजही वाढेल. एवढा खर्च झेपत नसेल तर आहे त्याच टर्बोच्या वेस्टगेटचा पाइप काढून टाका, 'फुल बूस्ट' मिळेल. पुराव्यादाखल ज्वाळा ओकणाऱ्या टोयोटा सुप्रा या स्पोर्ट्स कारचा व्हिडिओ.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण त्यात गाडीबरोबर माणूसही जाऊ शकतो. वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरची झडप. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, ठरलेल्या हद्दीला पोचला की तोच दाब बारीक रबरी पाइपातून ॲक्च्युएटरला (झडपेची दांडी हलवणाऱ्या डबीला) कळतो, दांडी सरकते, झडप उघडते आणि जादा धूर टर्बाइनला (टर्बोच्या धुराने फिरणाऱ्या चाकाला) वळसा घालून निघून जातो. पाइप काढला की दांडीला काही कळायचंच नाही. इतके छोटे टर्बो मुळातच मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरतात, त्यांना आणखी पळवायचं? नशीब बरं असेल तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जादा बूस्ट ओळखून डिझेल कापेल आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या ताकदीवर, रखडेल. नसेल तर बेअरिंग जाईल, सील जाईल आणि इंजिन ऑइल थेट इनटेकमध्ये शिरेल. डिझेल इंजिनाला ऑइलही जाळायला चालतं. मग चावी काढली तरी ते थांबत नाही, उलट फेरे चढतच जातात. अशा वेळी वरचा गिअर टाकायचा, ब्रेक गच्च दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. बॉनेट उघडून वर वाकायचं नाही. हे त्या मेसेजमध्ये कुठेही नाही.

आता मोठा टर्बो. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा घेतं. म्हणजे स्विफ्टचं 1248 सीसीचं इंजिन बूस्ट नसताना 2000 आरपीएमला मिनिटाला जेमतेम 1248 लिटर हवा ओढणार. स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन तेवढ्याच फेऱ्यांना 2179 लिटर ओढतं. त्या मापाच्या धुरासाठी बनवलेलं टर्बाइन स्विफ्टचा धूर वेळेवर फिरवणार कसा? बूस्ट येईपर्यंत काटा बराच वर गेलेला असेल, आणि या इंजिनाची कमाल पॉवर 4000 लाच येते. खंबाटकीच्या चढाला उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढलीत, पाय दाबलात, आणि मागे नुसता काळा धूर. बूस्ट उगवेल तेव्हा समोर वळण आलेलं असेल. शिवाय एमहॉकच्या टर्बोत धुराची वाट कमीजास्त करणारी हलती पाती असतात, ती हलवणार कोण? 75 पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) स्विफ्टच्या ईसीयूला ती ठाऊकच नाहीत.

'सीसी बघू नका' म्हणणाऱ्याने गॅरेट या टर्बो बनवणाऱ्या कंपनीचा एक तक्ता तरी उघडायचा होता. टर्बोच्या नावापुढे इंजिनाचं माप छापलेलं असतं. जीटी1241 घ्या: 0.4 ते 1.2 लिटर, 50 ते 130 हॉर्सपॉवर. टर्बो विकणाराच सीसी विचारतो, आणि हे फॉरवर्डवाले विचारू नका म्हणतात!

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. टर्बो बदलल्याने पॉवर बदलते, यात खोटं काही नाही. स्विफ्टचं हेच 1.3 लिटरचं इंजिन (मल्टिजेट) साध्या टर्बोवर 75 पीएस देत होतं आणि हलत्या पात्यांच्या टर्बोवर 90 पीएसच्या आसपास. मारुतीच्या 998 सीसीच्या बूस्टरजेट या टर्बो इंजिनाची पॉवर 1462 सीसीच्या बिनटर्बो इंजिनाच्या जवळ जाते. पण हे टर्बो त्याच छोट्या इंजिनांच्या मापाने निवडलेले आहेत, आणि ईसीयूचा मॅपही (कधी किती डिझेल, किती बूस्ट याचा तक्ता) त्यांच्यासाठीच लिहिलेला आहे. अंथरूण पाहूनच पाय पसरलेत.

नव्वदीतल्या टर्बो सुप्राचं म्हणाल तर तिचं इंजिन 2997 सीसीचं. तेवढं असूनही कारखान्यातून निघताना टोयोटाने तिला एक मोठा टर्बो दिला नव्हता, दोन दिले होते: पहिला खालच्या फेऱ्यांना, दुसरा वर गेल्यावर. लॅग, म्हणजे बूस्ट यायला लागणारा उशीर, ही नुसती भीती असती तर हा खटाटोप कशाला?

मायलेजचं काय बोलायचं. टर्बाइन एक्झॉस्टला अडवतं, तो अडथळा इंजिनाच्याच खिशातून जातो. आणि हवा कमी असताना जादा डिझेल ओतलं की ते काळं होऊन मागून बाहेर पडतं.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी ठरेल असा फेरफार चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावून सांगितलं. अपघातानंतर क्लेम टाकलात की विम्याचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो, आणि स्विफ्टमध्ये बसवलेला एमहॉकचा टर्बो ओळखायला त्याला चष्मा लागत नाही.